दोन्ही लाईट एकदम खाली पडले, तर आधी गाडीखाली वाका

अंबाजोगाईच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा: त्यांनी दीड वर्षापूर्वी झेनॉन लाईटची सेकंडहँड सेदान घेतली. गाडी स्पीडब्रेकरला खाली घासते म्हणून दिवाळीच्या आधी मागच्या दोन्ही स्प्रिंगांत रबरी बफर टाकून घेतले. महिनाभरात डॅशबोर्डवर हेडलाईटचा पिवळा दिवा लागला आणि दोन्ही लाईट बंपरपुढे जेमतेम वीस मीटरवर पडायला लागले. गॅरेजमध्ये दोन्ही हेडलाईट बदलायला सांगितलंय. लाईट आपोआप वर-खाली करणारा सेन्सर कसा तपासायचा आणि तो टिकावा म्हणून काय करायचं, असं ते विचारतात. त्यांचं लातूरला रात्रीचं येणं-जाणं आहे.

मी लातूरला सत्तावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. पहिलं सांगणं हे, की हेडलाईट बदलू नका. एक लाईट खाली पडला असता तर त्या लाईटमधली मोटर किंवा तिची वायर गेली असेल, असं म्हणता आलं असतं. दोन्ही लाईट एकाच दिवशी, एकसारखे खाली येतात, तेव्हा दोन्ही मोटरी एकदम गेल्या असं सहसा होत नाही. बिघाड वरच्या बाजूला नसतो, तो खाली चाकापाशी असतो. तुमच्या बाबतीत तर बफर टाकल्यानंतरच हे सुरू झालंय. त्यामुळे माझा पहिला संशय मागच्या सेन्सरच्या दांडीवर आहे.

ही यंत्रणा काय करते ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मागच्या सीटवर तीन माणसं बसली आणि डिकीत दोन पोती टाकली की गाडीची मागची बाजू बसते आणि नाक वर उचलतं. नाकाबरोबर लाईटही वर जातात. साधा हिशोब करा. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.७ मीटर अंतर आहे आणि मागची बाजू ५ सेंटीमीटर बसली, तर लाईट जवळजवळ १.८५ टक्के वर उचलला जातो. डिपर मुळात १ टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटीमीटर. आता तो खाली जायच्या ऐवजी ०.८५ टक्के वर चालला. हेडलाईट जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर असेल, तर ५० मीटरवर त्या उजेडाची वरची कड १०७ सेंटीमीटरवर पोचते आणि १०० मीटरवर दीड मीटरवर. समोरच्या कारवाल्याचे आणि मोटरसायकलवाल्याचे डोळे साधारण त्याच पट्ट्यात येतात. डिकीत दोन पोती टाकल्याने एवढं होतं.

हे टाळायला मागच्या आर्मजवळ (चाक गाडीशी जोडून ठेवणारा लोखंडी हात), आणि बऱ्याच गाड्यांत पुढेही एका बाजूला, एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्याला बोटभर लांबीची एक पाती असते. पातीच्या टोकाला एक बारीक दांडी, दांडीच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, आणि दुसरं टोक सस्पेन्शनच्या आर्मला. आर्म वर-खाली झाला की दांडी पाती फिरवते, सेन्सर तेवढं व्होल्टेज मॉड्यूलला, म्हणजे लाईट सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, कळवतो, आणि मॉड्यूल हेडलाईटमधल्या मोटरीला सांगतं की लाईट इतका खाली घे. झेनॉनला ही यंत्रणा का लागते तेही सांगतो. ३५ वॉटच्या झेनॉनचा उजेड साधारण ३२०० लुमेन (लुमेन हे उजेड मोजायचं माप) असतो, तर ५५ वॉटच्या एच-सेव्हन प्रकारच्या हॅलोजन बल्बचा सुमारे १५००. गाड्यांच्या लाईटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमात २००० लुमेनच्या वर उजेड देणाऱ्या डिपरला अशी आपोआप चालणारी यंत्रणा सक्तीची आहे. साध्या हॅलोजन गाड्यांना स्टिअरिंगजवळ ०-१-२-३ असं फिरवायचं चाक दिलेलं असतं. ते फिरवलं तर काम होतं, पण आपल्याकडे कितीजण फिरवतात ते रस्त्यावर रोज दिसतं.

सेन्सरकडून खात्रीची खबर आली नाही, की बहुतेक मॉड्यूल दोन्ही लाईट खाली नेऊन ठेवतात, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपू नयेत. तुमचं नेमकं तेच झालंय. समोरच्याचा त्रास वाचला, पण तुमचा धोका वाढला. ६५ सेंटीमीटरवरचा लाईट ३ टक्के खाली झुकला तर उजेड २१-२२ मीटरवर संपतो. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे तुम्हाला फक्त एका सेकंदापुढचा रस्ता दिसतोय. ऊसाच्या हंगामात, रेणापूर ओलांडल्यावर, मागे लाल दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर एका सेकंदात टाळता येत नाही. हे नीट होईपर्यंत रात्रीची फेरी टाळा, एवढं माझं ऐका.

आता तपासणी. सुरुवात भिंतीपासून करा, त्याला हत्यार लागत नाही. सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा, डिपर लावा. चावी ऑन केल्यावर बऱ्याच गाड्यांत दोन्ही लाईट एकदा खाली जाऊन वर येतात आणि थांबतात. बॉनेट उघडून कान द्या, मोटरीची बारीक घरघर दोन्हीकडून ऐकू आली तर मोटरी जिवंत आहेत. आता उजेडाच्या वरच्या कडेवर भिंतीला खडूने रेघ मारा आणि दोन माणसांना डिकीच्या तोंडावर बसवा. यंत्रणा धड असेल तर कड आधी वर जाते आणि थोड्या वेळात परत रेघेपाशी येते. काही गाड्या हे झटक्यात करतात, काहींना अर्धा मिनिट लागतो, म्हणून घाई करू नका. कड वर जाऊन तिथेच थांबली, तर मॉड्यूलला मागचा भार कळतच नाहीये. आणि माणसं बसल्यावर कड आणखी वरच सरकत गेली, तर त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

त्यानंतर गाडीखाली जायचं. रॅम्प असेल तर उत्तम. नसेल तर गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवा आणि मगच आत वाका. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. टॉर्च हातात घेऊन मागच्या आर्मजवळ बघा. आपल्याकडच्या गाड्यांत तिथे आधी चिखलच दिसतो. मराठवाड्याची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. पावसाळ्यात शेताच्या बांधापर्यंत गाडी नेली की हा चिखल पाती आणि सेन्सरच्या मधल्या फटीत शिरतो, वाळतो आणि पातीला आवळून धरतो. पाती अडकली की प्रत्येक खड्ड्याला दांडीवर ओढ बसते. शेवटी प्लास्टिकचा बॉल जॉइंट निसटतो किंवा दांडीच तुटते. मी उघडलेल्या अशा गाड्यांत सेन्सर आतून जळालेला फार थोड्यांदा सापडला. बहुतेक वेळा निसटलेली दांडी, गंजलेला बॉल, हिरव्या पडलेल्या पिना, नाहीतर उंदरांनी कुरतडलेली वायर. वाड्यावर किंवा गोठ्याशेजारी गाडी उभी राहत असेल तर वायर सेन्सरपासून वर बॉडीपर्यंत बोटांनी चाचपत जा.

चिखल कोमट पाण्याने भिजवून मऊ ब्रशने काढा, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. मग दांडी दोन बोटांत धरून हलवा. बॉल जॉइंट सगळ्या बाजूंनी सहज फिरला पाहिजे, पण त्यात खडखड नको. रबरी टोपी फाटली असेल तर आत माती गेलीच आहे असं समजा. पाती आणि दांडी यांच्यातला कोनही बघा, तो साधारण काटकोनाच्या आसपास असावा. तुमच्या गाडीत मागची बाजू बफरमुळे दोन-तीन सेंटीमीटर उचलली गेली असेल, तर दांडी ताणलेली आणि पाती एका टोकाला गेलेली दिसेल. सेन्सरला जेवढी हालचाल ठरवून दिलेली आहे तिच्या बाहेर तो गेला, की मॉड्यूल दिवा लावतं. त्यात सेन्सरचा दोष नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती अजून कुणाकडून होऊ नये. दहा-बारा वर्षांपूर्वी एक गाडी आली होती. तिचं मागचं शॉकॲब्सॉर्बरचं काम दुसरीकडे झालेलं होतं. मालकाची तक्रार एकच, डिकी भरली की लाईट आणखी वर जातात. मी स्कॅनर (मॉड्यूलमधून बिघाड वाचणारं यंत्र) लावला, सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला, मी सेन्सर बदलला. तक्रार तशीच राहिली. मी दुसरा सेन्सर मागवला, मालकाचे पैसे दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे शिकायला असलेला पोरगा रॅम्पखाली उभा होता. तो म्हणाला, "दादा, हिची पाती डावीकडं बघायलीय, परवाच्या गाडीची उजवीकडं होती." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शॉकॲब्सॉर्बर काढल्यावर आर्म नेहमीपेक्षा खाली लोंबतो, दांडी पातीला मधल्या रेषेपलीकडे ओढते आणि पाती उलट्या बाजूला पडते. मग गाडी मागे बसली की सेन्सर सांगतो, मागची बाजू उचलली. मॉड्यूल त्यावर विश्वास ठेवतं आणि लाईट वर नेतं. पाती सुलटी करायला दोन मिनिटं लागली. त्या मालकाला दोन्ही सेन्सरचे पैसे मी परत दिले. तेव्हापासून सस्पेन्शनचं काम झालेली कुठलीही गाडी आली, की स्कॅनर लावायच्या आधी मी पातीची दिशा बघतो.

डोळ्यांनी सगळं ठीक दिसलं तरच मल्टिमीटर काढा. सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढून बघा, पिना पिवळ्या किंवा पांढऱ्या चमकदार असल्या पाहिजेत. हिरवट पावडर दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्वच्छ करा. या सेन्सरला साधारण ५ व्होल्टचा सप्लाय असतो. चावी ऑन करून सप्लायची वायर आणि अर्थिंगची वायर यांच्यात ५ व्होल्ट मिळतात का ते मोजा. मिळत नसतील तर सेन्सरला दोष देण्याआधी वायर, अर्थिंग आणि फ्यूज तपासा. पुढच्या सेन्सरचा कपलरही काढून पुन्हा मोजा. काही गाड्यांत दोन्ही सेन्सरचा सप्लाय एकच असतो, तिथे एक शॉर्ट झाला की दुसराही मेल्यासारखा दिसतो. एक काळजी घ्या. या वायरींना बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका. बारा व्होल्टच्या सवयीने बरेच वायरमन तोच लावतात, आणि त्याने मॉड्यूल जाऊ शकतं.

सप्लाय बरोबर असेल तर कपलर परत बसवा, मागच्या बाजूने बारीक पिन घालून सिग्नलच्या वायरीवर मीटर लावा. दांडी बॉलवरून अलगद काढा आणि पाती हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. बऱ्याच सेन्सरांत व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत एकसंध सरकतं आणि मधोमध अडीचच्या आसपास येतं. मधेच उडी मारली, शून्यावर पडलं किंवा हललंच नाही, तरच सेन्सर गेला म्हणायचं. काही गाड्यांचा सिग्नल ठोक्यांच्या रूपात असतो. तिथे साधा मीटर फक्त सरासरी दाखवतो. त्यापेक्षा स्कॅनरवर चालू आकडे उघडून पाती हलवत बघणं चांगलं. झेनॉनच्या हेडलाईटमागची जाड वायर मात्र चालू लाईटवर कधीही उघडू नका. झेनॉन पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो.

दुरुस्तीनंतर बहुतेकदा काम अर्धवट सोडलं जातं ते इथे. दांडी बदला, सेन्सर बदला, बफर काढा किंवा घाला, यातलं काहीही केलं तरी मॉड्यूलला नवी मूळ स्थिती शिकवावी लागते. त्याशिवाय पिवळा दिवा जाईल न जाईल, लाईट मात्र भलतीकडेच पडतील. शिकवण्याआधी चारही टायरची हवा कंपनीने सांगितली तेवढी भरा, डिकीतलं सामान काढा, स्टेपनी जागेवर असू द्या, आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस बसवा. गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे स्प्रिंगा जागेवर बसतात. चारही चाकं सपाट फरशीवर हवीत. चाकं लोंबकळत असताना शिकवलं तर सगळंच चुकतं. मग स्कॅनरमधून बेसिक सेटिंग सुरू करायचं. लाईट ठराविक जागी जाऊन थांबतात. त्या स्थितीत हेडलाईटचे स्क्रू फिरवून उजेडाची कड बसवायची आणि मगच स्कॅनरवर ती स्थिती पक्की करायची. आधी पक्की करून नंतर स्क्रू फिरवणारे मी पाहिलेत. त्यांची गाडी पंधरा दिवसांनी परत येते.

कड किती खाली ठेवायची ते हेडलाईटवर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर टक्क्यांत लिहिलेलं असतं, १.० टक्का किंवा १.२ टक्के असं. पाच मीटरवर १ टक्का म्हणजे ५ सेंटीमीटर. लाईटचा मध्य ६५ वर असेल तर भिंतीवर कड ६० वर. १.२ असेल तर ५९ वर. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून कडेची डावी बाजू तिरकी वर चढलेली दिसायला हवी. रस्त्याकडेचा माणूस आणि मैलाचा दगड दिसावा म्हणून ती तशी असते. चढ उजवीकडे दिसला तर तो लाईट परदेशातल्या उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठीचा आहे, तो आपल्या रस्त्यावर वापरूच नये. बीम सेटर, म्हणजे लाईटचा रोख मोजायचं यंत्र, असलेलं गॅरेज मिळालं तर भिंतीपेक्षा तेच वापरा.

मी या गोष्टीत इतका आग्रही का आहे तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी माघात मी अंबाजोगाईहून परत येत होतो. बर्दापूर फाट्याच्या अलीकडे समोरून एक मोठी गाडी आली, मागे खच्चून भरलेली, नाक वर. त्या उजेडात मला रस्ता, कड, साइडपट्टी काहीच दिसेना. मी पाय ब्रेकवर ठेवला, पण गाडी थांबली नव्हती. ती गाडी बाजूने गेली आणि माझ्या बॉनेटपुढे हातभर अंतरावर एका बैलगाडीचं चाक होतं. वर ऊसाची मोळी, मोळीवर चादर पांघरून झोपलेलं एक लहान लेकरू. गाडीवानाने मागे वळून पाहिलं, बैलांना हुर्रर्र केलं आणि तो पुढे निघाला. त्याला कळलंही नाही. समोरच्या गाडीवाल्यालाही कळलं नसणार. त्याला त्याचे लाईट उत्तम दिसत होते.

म्हणून देखभालीचं सांगतो. सस्पेन्शन, बॉल जॉइंट, बुश, शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंग, कशालाही हात लागला की गाडी ताब्यात घ्यायच्या आधी दांडी जागेवर आहे का ते स्वतः बघा. दर सर्व्हिसिंगला, साधारण १०,००० किलोमीटरला, दांडी हलवून बघायला सांगा. पावसाळा संपला की खालची माती भिजवून काढा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरची तोटी थेट सेन्सरवर आणि कपलरवर मारू देऊ नका, सील कितीही चांगलं असलं तरी पाणी आत शिरतं. कपलर परत लावताना आत थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल अडवणारं ग्रीस) लावा. बॉल जॉइंटला मात्र साधं ग्रीस चोपडू नका. आपल्या उन्हाळ्यातली धूळ त्याला चिकटते आणि रेतीसारखी बॉल घासून काढते, शिवाय काही रबरी टोप्या त्याने फुगतात. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरतो. तुटलेली दांडी तारेने किंवा केबल टायने बांधून चालवू नका. तार ताणते, लांबी बदलते आणि मॉड्यूलला खोटी खबर जाते.

हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये बाजारातले एलईडी बल्ब टाकणाऱ्यांनाही एक शब्द. तिथे ही यंत्रणा नसते, आणि हॅलोजनसाठी घडवलेला रिफ्लेक्टर त्या बल्बचा उजेड वाटेल तिकडे फेकतो. सेटिंग करून तो सुधारत नाही. हॅलोजनच ठेवा.

तर तुमच्यापुरतं सांगायचं झालं तर असं करा. दिवसाउजेडी गाडी आणा. येताना डिकी रिकामी ठेवा. आधी मागचे बफर काढून टाका. खाली घासण्याचा त्रास खरा आहे, मला मान्य आहे. पण तुमच्या गाडीच्या स्प्रिंगा दमल्या असतील तर नव्या मूळ मापाच्या टाका, त्याने उंचीही परत येते आणि दांडीही आपल्या जागी राहते. बफर काढल्यावर पाती सुलट्या बाजूला आहे का ते मी दाखवीन, दांडी ताणून वाकली असेल तर ती बदलू. दांडी सुटी मिळते. काही गाड्यांना मात्र ती सेन्सरसकटच घ्यावी लागते, तेवढं आधी पार्ट नंबरवरून बघून ठेवू. मग बेसिक सेटिंग, मग भिंत. शेवटी तुमच्या घरची दोन माणसं डिकीच्या तोंडावर बसवू आणि उजेडाची कड रेघेवर परत येते का ते तुम्ही स्वतः खडू हातात घेऊन बघा.